मेसेज कुठल्या रस्त्याने जातोय ते बघा: साध्या एसएमएसवरून आरसीएसवर यायची पद्धत

माझी आत्या पंचवटीत राहते, सत्तरी ओलांडलीय, आणि फोनमध्ये तिला एकच गोष्ट मनापासून आवडते ती म्हणजे फोनसोबत आलेलं मेसेजचं ॲप. दुसरं काही टाकून देतो म्हटलं की नको म्हणते, म्हणे त्यात दिवसभर टुंग टुंग वाजतं आणि कोण कुठले ग्रुपमध्ये घालतं. मागच्या दिवाळीत तिने दारातल्या रांगोळीचा फोटो मला त्याच ॲपमधून पाठवला, मला मिळाला तो इतका पुसट की ठिपके कुठे आणि रेषा कुठे ते पण कळेना, वर तिचा बॅलन्स कापला गेला तो वेगळाच. मग भाऊबीजेला गेलो तेव्हा तिच्या त्याच ॲपमध्ये आरसीएस, म्हणजे मेसेज इंटरनेटने पाठवायची नवीन सोय, चालू करून दिली, नवीन काही टाकलं नाही, नवीन खातं नाही, पासवर्ड नाही. त्यानंतर चुलते, दिंडोरीचा मामा, शेजारच्या काकू असे एकेक जण विचारायला लागले म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय. ज्यांनी आरसीएस हा शब्दच पहिल्यांदा ऐकलाय त्यांच्यासाठी आहे हे.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, व्हॉट्सॲप आहे ना मग हे कशाला. ज्याच्याशी तुमचं व्हॉट्सॲपवर छान चाललंय त्याच्याशी तिथेच बोला, काही बदलायची गरज नाही. पण आत्यासारखी माणसं आहेत, ज्यांना दुसरं ॲप नकोच आहे. शिवाय आपण सगळेच कधी ना कधी मेसेजच्या ॲपमधून कोणाला तरी लिहितोच, प्लंबरला, गाडीवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला, आणि तो मेसेज अजूनही तीसेक वर्षं जुन्या पद्धतीने जातो. तोच मेसेज त्याच ॲपमधून, त्याच नंबरवरून चांगल्या रस्त्याने जाऊ शकत असेल तर का नाही जाऊ द्यायचा.

जुन्या एसएमएसमध्ये नेमकं काय कमी आहे

हे समजून घेतलं ना की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, नील पॅपवर्थ नावाच्या इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून पाठवला होता, मजकूर होता मेरी ख्रिसमस. पण एसएमएसची कल्पना त्याच्याही आधीची, १९८० च्या दशकातली. टॉवर आणि फोन यांच्यात एक छोटी वाट असते, कॉल येतोय, फोन कुठल्या टॉवरखाली आहे असले निरोप द्यायला. त्या वाटेवर थोडी जागा मोकळी पडून असायची आणि तिथेच एसएमएस बसवला. म्हणून तो इतका लहान, आणि म्हणूनच नेट नसताना सुद्धा तो जातो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता एका एसएमएसमध्ये जागा किती, तर १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं बसतात. मराठी अक्षराला १६ बिट लागतात, म्हणून मराठीत फक्त ७०. आणि यात मेख अशी की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्र्यंबकेश्वर हा शब्द घ्या, डोळ्याला पाच अक्षरं दिसतात पण एसएमएसच्या हिशेबात ती १३ होतात. आपल्या भाषेत लिहिणाऱ्याला निम्म्याहून कमी जागा मिळते, आणि माझ्या मते लोक इतकी वर्षं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत बसले त्यामागे कीबोर्डच्या त्रासाबरोबर हे पण एक मोठं कारण आहे.

उदाहरण बघा. मुंबईहून येताना मी घरी असा मेसेज टाकतो:

आई मी कसारा सोडलं, घाटात नेटवर्क जाईल, नाशिकरोडला उतरलो की फोन करतो हां

हे मोजलं तर शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम धरून ७१ भरतात. म्हणजे मर्यादेच्या फक्त एकने वर, आणि तेवढ्याने त्याचे दोन एसएमएस होतात. शेवटचा हां काढला की ६७, एकात बसला. लांब मेसेज असेल तर त्याचे तुकडे जोडायची खूण पण त्याच जागेत ठेवावी लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ७० पण नाही, ६७ च बसतात. तुमच्या पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतील तर हे सगळे तुकडे त्यातून वेगवेगळे वजा होतात. आणि इंग्रजीत लिहिताना मध्येच एखादी इमोजी टाकली किंवा रुपयाचं चिन्ह टाकलं तरी पूर्ण मेसेज ७० च्या हिशेबात जातो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

फोटोचं म्हणाल तर एसएमएसमध्ये फोटो जातच नाही. तुम्ही फोटो जोडला की तो एमएमएस होतो, आणि एमएमएसला साईजची इतकी तोकडी मर्यादा असते की फोन फोटो दाबून दाबून बारीक करतो. आत्याची रांगोळी त्यातच गेली. पैसे पण बऱ्याच पॅकमध्ये वेगळे कापतात.

आणि तिसरी गोष्ट, एसएमएस उघडा जातो. बंद पाकीट नाही ते, पोस्टकार्ड आहे. कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये तो साठवला जातो, तिथून पुढे पाठवला जातो, आणि मधल्या यंत्रणेला तो वाचता येईल अशाच स्वरूपात असतो. समोरच्याने वाचला का नाही ते पण कळत नाही.

मग आरसीएस म्हणजे काय

रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस, त्याचं थोडक्यात आरसीएस. हे ॲप नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण गोंधळ इथेच होतो. एसएमएस जसं कुठल्या एका कंपनीचं ॲप नाही, तो नियम आहे, सगळ्यांनी मिळून ठरवलेला, तसाच आरसीएस हा नवीन नियम आहे. याचं काम २००७ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ते हातात घेतलं, पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने बनवत बसली आणि एकाचं दुसऱ्याला जुळेना, त्यामुळे कितीतरी वर्षं ते रखडलं. २०१६ मध्ये सगळ्यांसाठी एकच नियमावली आली, युनिव्हर्सल प्रोफाइल नावाची. त्याच्या आदल्या वर्षी गूगलने जाईब नावाची आरसीएसचं काम करणारी कंपनी विकत घेतली होती, पुढे गूगलच्या मेसेजेस ॲपमधून हे अँड्रॉइडवाल्यांकडे पोचलं. आयफोनमध्ये ते आलं सप्टेंबर २०२४ ला, आयओएस १८ सोबत.

फरक इतकाच की मेसेज टॉवरच्या त्या छोट्या वाटेने न जाता इंटरनेटने जातो. मग ७० अक्षरांचं बंधन उरत नाही, मोठे फोटो जातात, व्हिडिओ जातो, ग्रुप होतो, समोरचा टाइप करतोय ते दिसतं, वाचलं ते कळतं. पाकीट पण बंद होतं, पण त्याला एक अट आहे, पुढे सांगतो.

पायरी पहिली: तुमच्या फोनमध्ये मेसेजचं ॲप कुठलं आहे ते बघा

अँड्रॉइड असेल तर गूगल मेसेजेस हवं. बऱ्याच नवीन फोनमध्ये तेच आधीपासून असतं. सॅमसंगच्या थोड्या जुन्या फोनमध्ये दोन मेसेज ॲप सापडतात, एक सॅमसंगचं स्वतःचं आणि एक गूगलचं, अशा वेळी गूगलचं उघडा, ते विचारेल की मला मुख्य मेसेज ॲप करायचं का, हो म्हणा. जुने मेसेज कुठे जात नाहीत, तेच इथे दिसतात, त्याची काळजी करू नका. नसेलच तर प्ले स्टोअरवरून घ्या, आणि फक्त प्ले स्टोअरवरूनच. आरसीएस चालू करण्यासाठी ही फाइल टाका अशी लिंक कोणी पाठवली तर ती उघडायची सुद्धा नाही, आरसीएसला वेगळी फाइल कधीच लागत नाही.

आयफोन असेल तर ॲप तेच, फक्त आयओएस १८ किंवा त्यापुढचं पाहिजे आणि तुमच्या सिमच्या कंपनीने आयफोनसाठी ही सोय चालू केलेली पाहिजे. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात मेसेजेस, त्यात आरसीएस मेसेजिंग असं काही दिसतंय का बघा. दिसलं तर चालू करा. नाही दिसलं तर तुमच्या कंपनीकडून अजून यायचंय, आयफोन अपडेट ठेवा आणि काही दिवसांनी परत बघा, यापेक्षा वेगळं आपल्या हातात काही नाही.

पायरी दुसरी: चालू करा

गूगल मेसेजेस उघडा, वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं अक्षर गोलात दिसेल ते दाबा, मेसेजेसच्या सेटिंगमध्ये जा, तिथे आरसीएस चॅट्स असं असेल ते उघडा आणि बटण चालू करा. फोन मराठीत असेल तर शब्द थोडे इकडे तिकडे होतील पण आरसीएस हा शब्द असतोच. मग ते तुमचा नंबर तपासतं, सेट करतोय, पडताळतोय असं काहीतरी लिहून येतं आणि शेवटी कनेक्टेड आलं की झालं. बऱ्याचदा एक मिनिट पण लागत नाही. बऱ्याच फोनमध्ये तर ते आधीच चालू असतं, २०२३ पासून गूगलने ते आपोआप चालू करायला सुरुवात केली, त्यामुळे उघडून बघितलं तर कनेक्टेड लिहिलेलं सापडेल.

दोन सिम असतील तर दोन्ही सिमची नावं वेगवेगळी दिसतात आणि प्रत्येकाचं वेगळं चालू करावं लागतं. लोक ज्या नंबरवर तुम्हाला ओळखतात त्याचं आधी करा.

पायरी तिसरी: अडकलं तर

आत्याच्या फोनवर पडताळतोय पडताळतोय असं अख्खी दुपार फिरत राहिलं. मी फोन बंद चालू केला, ॲप अपडेट केलं, काही नाही. शेवटी कळलं की तिचा रिचार्ज एकदम स्वस्तातला होता, फक्त कॉल आणि थोडा डेटा, बाहेर एसएमएस पाठवायची सोयच नव्हती त्यात. आणि नंबर तपासताना फोन मागच्या मागे एक एसएमएस पाठवतो, म्हणजे नवीन गोष्ट चालू करायला जुनीच लागते. तो जाईना म्हणून तपासणी होईना. एसएमएस असलेला पॅक मारला आणि लगेच कनेक्टेड आलं. तुमचं अडकलं तर सगळ्यात आधी हे बघा, तुमच्या सिमवरून कोणालातरी साधा एसएमएस जातोय का. जात नसेल तर बाकी काही करून उपयोग नाही.

एसएमएस जातोय आणि तरी अडकलंय, तर मग मोबाइल डेटा चालू ठेवून वायफाय थोडा वेळ बंद करा, व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या रस्त्याने फिरवणारं ॲप, असेल तर बंद करा, फोनची तारीख वेळ आपोआप वर आहे का बघा, आणि आरसीएस बंद करून परत चालू करा. तरी नाही झालं तर एक दिवस तसंच राहू द्या, कधी कधी आपलं आपण होतं. एमजी रोडच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन यासाठी पैसे देऊ नका, यात दुकानदार करण्यासारखं काही नाही. आणि तपासणीचा म्हणून येणारा कुठलाही नंबर फोनवर कोणाला सांगायचा नाही.

पायरी चौथी, खरी महत्त्वाची: लिहायच्या आधी चौकट वाचा

माझं सगळ्यांना कळकळीने सांगणं एवढंच आहे की मेसेज लिहायच्या आधी ज्या चौकटीत आपण टाइप करतो तिथे फिकट अक्षरात काय लिहिलंय ते वाचायची सवय लावा. तिथे आरसीएस मेसेज असं असेल तर नवीन रस्ता, टेक्स्ट मेसेज असं असेल तर जुना एसएमएस. हे फोनवर ठरत नाही, प्रत्येक माणसागणिक ठरतं. तुमचं चालू आहे पण समोरच्याचं नाही, तर मेसेज एसएमएसनेच जाणार. त्यामुळे मामाला आरसीएस आणि वॉचमनला एसएमएस असं एकाच ॲपमध्ये शेजारी शेजारी चालू असतं.

रंगावरून पण कळतं, गूगल मेसेजेसमध्ये आरसीएसचा फुगा गडद असतो आणि एसएमएसचा फिका. आयफोनवर मात्र रंगावर जाऊ नका, तिथे एसएमएस आणि आरसीएस दोन्ही हिरवेच, निळं फक्त ॲपलचं आपसातलं, त्यामुळे तिथे पण चौकटीत आरसीएस हा शब्द शोधायचा.

पाठवल्यावर टिक येतात. एक टिक म्हणजे तुमच्याकडून गेला, दोन म्हणजे त्याच्या फोनवर पोचला, दोन भरीव म्हणजे वाचला. एकच टिक बराच वेळ राहिली तर समोरच्याचं नेट बंद असण्याची शक्यता जास्त, आणि आपल्याकडे डेटा वाचवायला नेट बंद ठेवणारी माणसं खूप आहेत, माझे चुलतेच बाहेर निघताना बंद करतात. घाईचं काम असेल तर टिककडे बघत बसू नका, सरळ फोन करा.

आता कुलूप. पाठवायच्या बटणावर किंवा वेळेच्या शेजारी छोटं कुलूप दिसलं तर पाकीट बंद आहे, म्हणजे मेसेज तुमच्या फोनवर बंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो, मधल्या कोणाला वाचता येत नाही, गूगलला पण नाही. दोघांकडे गूगल मेसेजेस असेल तर एकास एक गप्पांमध्ये हे २०२१ पासून आहे, ग्रुपमध्ये २०२३ पासून. पण अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यात सुरुवातीला आरसीएस आलं ते कुलुपाशिवाय आलं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएने कुलूप नियमावलीतच घातलं आणि ॲपलने पण ते आणायचं सांगितलं, म्हणजे दिशा चांगली आहे. तोवर सोपा नियम एकच, कुलूप डोळ्याने दिसलं तरच बंद पाकीट समजा. आरसीएस आहे म्हणजे सुरक्षित असेलच असं धरून चालू नका. मला विचाराल तर फोटो बिटोपेक्षा हे कुलूप हीच या बदलातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आधार कार्डाचा फोटो, घराचा पत्ता, दवाखान्याचे रिपोर्ट आपण किती सहज पाठवतो.

पायरी पाचवी: फोटो पाठवून बघा

मामाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. हंगामात तो मण्याला पट्टी लावून फोटो काढतो, सोळा आहे का अठरा, आणि ते आकडे दिसायला पाहिजेत, कारण एक्स्पोर्टच्या मालाला त्या मिलीमीटरवरच भाव ठरतो. एमएमएसने पाठवलेल्या फोटोत मणी दिसतो पण पट्टीवरचा आकडा नाही, मग त्या फोटोचा काय उपयोग. आरसीएसने पाठवला तर आकडा वाचता येतो, घडावरची पावडर सुद्धा कळते. १०० एमबीपर्यंतची फाइल जाते, आपल्याला रोजच्याला पुष्कळ झाली. फोटो निवडताना क्वालिटीचा पर्याय दिसला तर मोठी ठेवा, पण मग डेटा पण तेवढा जाणार हे धरून चाला, बागेत नेटवर्क एक दोन काडी असेल तर लहानच बरी.

तुम्ही काही वेगळं करायचं नसतं, चौकटीशेजारच्या चिन्हातून फोटो निवडायचा आणि पाठवायचा, एवढंच. फक्त आधी चौकट वाचा. टेक्स्ट मेसेज लिहिलं असेल तर फोटो एमएमएस होईल आणि पैसे कापले जातील.

ग्रुपचं पण तसंच. १०० जणांपर्यंत ग्रुप होतो, पण त्यात एकाचं जरी आरसीएस नसेल तर अख्खा ग्रुप जुन्या पद्धतीवर जातो, एमएमएस किंवा सगळ्यांना वेगवेगळा एसएमएस, आणि मग कोणाचं उत्तर कोणाला दिसतंय ते कळत नाही. म्हणून ग्रुप करायच्या आधी प्रत्येकाची चौकट एकदा उघडून बघा. चुकीचं लिहिलं तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून दुरुस्त करता येतो, आत्याला हे फार आवडलं.

वाचल्याची खूण आणि टाइप करतोय ते दाखवणं नको असेल तर त्याच आरसीएसच्या सेटिंगमध्ये दोन्ही बंद करता येतं. ज्याचं त्याने ठरवावं.

जाहिराती आणि फसवणूक

हे मी गोड करून सांगणार नाही. आरसीएसवर कंपन्या पण मेसेज पाठवतात, मोठी चित्रं, बटणं वगैरे लावून, आणि आपल्या देशात याचा इतका अतिरेक झाला की जून २०२२ मध्ये गूगलला भारतातले जाहिरातीचे आरसीएस मेसेज थांबवायला लागले होते. आता असे मेसेज परत दिसतात. कर्जाची, खेळाची जाहिरात आली की मेसेज उघडून ब्लॉक आणि स्पॅम म्हणून कळवा, दोन्ही करा, नुसतं डिलीट करू नका.

साध्या एसएमएसमध्ये या बाबतीत एक चांगली सोय झालीय ती पण सांगतो. मे २०२५ पासून ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाच्या नियमाने कंपन्यांच्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचा म्हणून मेसेज आलाय आणि तो दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आलाय तर तो बँकेचा नाही. आरसीएसवर कंपनी खरी असेल तर नावाजवळ तपासल्याची खूण असते. पण खूण असली तरी फक्त कंपनी खरी आहे एवढंच कळतं, ती देतेय ते कर्ज चांगलं आहे असं नाही.

फाइल पाठवता येते म्हणजे वाईट फाइल पण पाठवता येते. गाडीचं चलान आलंय ही फाइल उघडा, असं सांगून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप, टाकायला लावतात आणि मग फोनमधले ओटीपी परस्पर वाचतात. चलान कधीही फाइल टाकून भरायचं नसतं. झालंच काही तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आणि ओटीपी बहुतेक ठिकाणी अजून एसएमएसनेच येतो, त्यामुळे आरसीएस चालू केलं म्हणून एसएमएस नको असं करता येत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहणार.

फोन बदलताना

अँड्रॉइड सोडून आयफोन घेताय, किंवा बटणाचा साधा फोन, तर जुन्या फोनमधलं सिम काढायच्या आधी त्यात आरसीएस बंद करा. नाही केलं तर समोरच्यांच्या फोनला वाटतं तुमचं अजून चालूच आहे, ते आरसीएसने पाठवत राहतात आणि तुम्हाला काहीच मिळत नाही. माझ्या एका मित्राचे दोन दिवसांचे मेसेज असेच लटकले, त्यात अंबडच्या एका कंपनीतल्या मुलाखतीची वेळ होती. जुना फोन फुटला किंवा विकून टाकला असेल तर गूगलचं एक वेबपेज आहे, त्यावर नंबर टाकून, आलेला कोड भरून आरसीएस बंद करता येतं, गूगल मेसेजेसच्या मदत विभागात त्याची लिंक आहे.

नेट नसेल तेव्हा

आरसीएसला नेट लागतं, हे त्याचं दुबळेपण. कसारा घाटातल्या बोगद्यांत, हरिहर किल्ल्याच्या चढावर नेट टिकत नाही. आरसीएसच्या सेटिंगमध्येच एक बटण असतं, मेसेज गेला नाही तर आपोआप टेक्स्ट म्हणून पाठवायचा, ते चालू ठेवा, मग नवीन रस्ता बंद असेल तर फोन आपला आपण जुना धरतो. फक्त त्या वेळी कुलूप नसतं आणि ७० अक्षरांचा हिशेब परत लागू होतो.

हे सगळं नाशिकच्या २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी तर नक्कीच ध्यानात ठेवा. गर्दीत टॉवरला काडी फुल दिसते पण नेट पुढे सरकत नाही, कारण एकाच टॉवरवर हजारो फोन डेटा ओढत असतात. तेव्हा फोटो, व्हिडिओ, लांब मेसेज सगळं अडकतं, आणि इवलासा एसएमएस त्याच्या जुन्या छोट्या वाटेने जायची शक्यता बरीच जास्त असते, उशिरा का होईना. म्हणून पर्वणीला रामकुंडाकडे निघायच्या आधी घरातल्या दोन तीन जणांसाठी एक काम करून ठेवा. त्यांचं संभाषण उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून तपशील उघडा, तिथे फक्त एसएमएस आणि एमएमएस पाठवा असा पर्याय असतो तो तेवढ्या दिवसापुरता चालू करा, घरी आल्यावर बंद करा. आणि भेटायची जागा लिहून एक मेसेज आधीच तयार करून ठेवा, ७० च्या आत बसणारा. आमच्या घरात ठरलेला आहे तो आत्याच्या फोनमध्ये पण लिहून ठेवलाय:

काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाशी थांबलोय, तिकडेच या

मोजून बघितलाय, ५२ भरतो.